न दिलेला हवाल

सब्झलची निळी गाडी नदीच्या कोरड्या पात्रातून आली, आमच्या शिंगर गावासमोरून गेली, आणि थांबली नाही. टळटळीत दुपार होती. आमचा गावप्रमुख, कहुदा दोशंबे, झाऊच्या झुडपाच्या सावलीतून उठून हात वर करून उभा राहिला होता. सब्झलनं काचेतून त्याच्याकडे पाहिलं, मान फिरवली आणि गाडी पुढं काढली. धूळ खाली बसली तरी म्हातारा आपला हात वर करून उभाच.

मी पाण्याच्या पाटावर भांडी घासत होते. "डोळे फुटले की काय मेल्याचे!" मी म्हटलं खरं, पण हातातलं पातेलं हातातच राहिलं.

घाईत असेल, असं दुसरं कुणी म्हणेल. आमच्याकडे घाईत कुणी नसतं, आणि असला तरी थांबतो. वाटसरू आला की त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, आणि बसलेल्यांत जो वडीलधारा असेल त्यानं म्हणायचं, हवाल द्या. मग आलेल्यानं पहिल्यापासून सांगायचं. कुठून निघाला, कुठली खिंड चढला, कुठल्या खोऱ्यात पाऊस झाला, कुठली नदी वाहिली, चारा कुठं उरलाय, कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं. त्याचं झालं की ऐकणाऱ्यानं आपला हवाल द्यायचा. आणि हवालात खोटं चालत नाही. एरवी माझा नवरा पीरजान सकाळी दोन थापा मारल्याशिवाय चहाचा पेला तोंडाला लावत नाही. पण हवाल मागितला की तोसुद्धा सुतासारखा सरळ होतो. कारण सांगू? वरच्या खोऱ्यात पाणी आहे असं कुणी थापेनं सांगितलं, आणि त्या बोलण्यावर कुणी शेळ्या घेऊन डोंगर चढला, तर कळपच्या कळप तहानेनं मरतील. मरतातच.

म्हणून जो माणूस हवाल न देता गावावरून जातो, त्याच्याकडं एक तर चोरीचा माल असतो, नाहीतर मरणाची बातमी. सब्झल चोर नव्हता. तो सरहद्दीकडून डिझेल आणायचा, पण ते तर आमच्याकडं सगळेच आणतात, त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

आणि सब्झल ज्याच्या जोडीनं जायचा तो जियंद, माझ्या मेलेल्या भावाचा एकुलता एक मुलगा, मागच्या वर्षी खजुराची तोडणी झाल्यावर घरून गेला तो परत आलाच नव्हता.

हिवाळ्यात सरहद्दीकडच्या डोंगरात पाऊस झाला. तिकडच्या एका नदीला अचानक लोंढा आला आणि एक गाडी वाहून गेली, एवढं आमच्या कानावर आलं. कुणाची गाडी, आत किती माणसं, धड कुणालाच ठाऊक नाही. सब्झलच्या घरी दोनदा माणूस पाठवला, दोन्ही वेळा तो सरहद्दीकडं गेलेला होता. आमच्या गावात फोन लागत नाही. टॉवर आहे, त्यावर कावळे बसतात.

माझी वहिनी सदगंज तेव्हापासून नदीच्या उतारावर झाऊखाली जाऊन बसायला लागली. येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवायची आणि हवाल घ्यायची. बाईमाणूस असं बसत नाही एरवी, पण तिचे केस पांढरे झालेत, तिला कोण काय म्हणणार? गाडीवाले बिचारे उतरायचे, मांडी घालून बसायचे, सगळं सांगायचे. इकडच्या नदीला पाणी नाही, तिकडच्या खिंडीत दरड पडली, अमक्याच्या घरी मुलगी झाली. ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, मग विचारायची, "आणि जियंद?" ते मान हलवायचे. "जा मग," म्हणायची, "पोचा सुखरूप."

वसंतात खजुराच्या मादी झाडांच्या तुऱ्यात नराचा मोहोर बांधावा लागतो, नाहीतर फळ धरत नाही. तिच्या झाडांवर जियंदच चढायचा. कमरेला दोर न लावता चढायचा, माझा जीव खाली थाऱ्यावर नसायचा. यंदा गावातले दोघंतिघं दोर घेऊन तिच्या दारात गेले, तर तिनं त्यांना हाकलून दिलं. "ज्याची झाडं तो चढेल," म्हणाली. मोहोर सुकला. उन्हाळ्यात झाडांना बिनगराची, करंगळीएवढी फळं लागली, शेळ्यांपुढं टाकायच्या लायकीची.

"वहिनी, वर्षाचं खाणं घालवलंस तू," मी भांडले तिच्याशी. "तो आल्यावर त्याला काय माती खायला घालणार?"

"तो आल्यावर म्हणालीस ना?" ती म्हणाली. "मग झालं. बाकी तुझ्या तोंडात खजूर नसला की तुझं तोंड काय उद्योग करतं ते मला माहीत आहे, नाझो."

अशी बाई. तिला पुराच्या बातमीनं हलवलं नाही, लोकांच्या कुजबुजीनं हलवलं नाही. आणि ज्या दिवशी सब्झल न थांबता गेला, त्या दिवशी नेमकी ती झाऊखाली नव्हती. चटया विणायला बुटक्या ताडाची पानं आणायला ओढ्यात गेली होती.

कहुदानं चार म्हाताऱ्यांना बोलावलं. फार बोलणं झालंच नाही. सगळ्यांना एकच कळलं होतं. "त्याला सदगंजच्या तोंडाकडं बघवलं नसतं," कहुदा म्हणाला. "हवाल मागितला असता तर सांगावं लागलं असतं. म्हणून पळाला." माझ्या पीरजाननंसुद्धा मान डोलावली. मी? मीही डोलावली. खोटं कशाला बोलू?

ऊन कलल्यावर वहिनी डोक्यावर पानांचा भारा घेऊन आली. तिच्या दारात पुर्साची चटई पसरली होती, सुतकात भेटायला येणाऱ्यांसाठी पसरतात ती. माणसं बसली होती. बायका भिंतीशी उभ्या होत्या. तिनं भारा खाली टाकला नाही.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

बायकांनी पदर पुढं ओढले.

"अरे, माझ्या दारात बसलात, तर कुणासाठी बसलात ते तरी सांगा!"

कहुदा उठला. "सदगंज, अल्लानं दिलं, अल्लानं नेलं..."

"हवाल कुणी दिला?"

"कुणी नाही."

"मग?"

"सब्झल आला होता. थांबला नाही. मी हात केला. मान फिरवून गेला."

भारा तिच्या डोक्यावरून मागच्या मागं पडला. ती मटकन खाली बसली. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. तीही याच मातीतली होती ना. मग ती जी रडायला लागली! नवरा गेला तेव्हा मी तिला रडताना ऐकलं होतं, पण ते रडणं वेगळं. मी तिला धरून बसले.

दुसऱ्या दिवशी माझं दुःख बाजूला राहिलं आणि माझं डोकं तापलं. अरे, पोरगा मेला, तर मेला म्हणून सांग! कुठं मेला, कुणी मातीत घातला, कबर कुठल्या खोऱ्यात आहे, आईनं कुठल्या दिशेला तोंड करून हात पसरायचे? एवढंही सांगायचं नाही? मी पीरजानला म्हटलं, "मोटारसायकल काढ."

"कुठं?"

"सब्झलच्या गावाला. त्याच्या नरड्यातून हवाल काढते."

"अगं, पुर्सातून उठून जाणं बरं दिसत नाही."

"तू बैस मग इथं बरं दिसत. मी चालत जाते."

त्यानं मोटारसायकल काढली. सब्झलचं गाव आमच्याच नदीवर खाली, जिथं ती मोठ्या रखशान नदीला मिळते तिथं आहे. पात्रातल्या गोट्यांवरून माझी हाडं खिळखिळी झाली. पीरजान वाटभर पुटपुटत होता. मी एक शब्द बोलले नाही, यावरून माझा राग किती होता ते त्यानं ओळखायला हवं होतं.

सब्झलची आई मलूक दारातच होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. "सब्झल झोपलाय," म्हणाली मी विचारायच्या आधीच. "ताप आहे."

"असू दे की," मी म्हटलं आणि बसले. "मी तुझ्याकडं आलेय."

मग तिला गत्यंतर नव्हतं. पाणी दिलं, आणि पाहुण्याला जे विचारायचं ते विचारलं. हवाल दे.

मी दिला. मुद्दाम मोठ्यानं दिला, आतल्या पडद्यापलीकडं जाईल असा. बातमी कसलीही असो, सुरुवात खैर आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, अशीच करायची. "हवाल खैर आहे. शिंगरहून निघालो. नदी कोरडी आहे, वरच्या डोहात पाणी आहे, शेवाळलेलं, गुरं पितात. वाटेत मेंढपाळ भेटले, चाऱ्यासाठी उत्तरेला निघालेत. शिंगरमध्ये सदगंजच्या दारात पुर्साची चटई पसरली आहे. कालपासून बसलेत लोक. तिचं रडणं थांबत नाही. अन्नाचा घास पोटात नाही. एवढा हवाल."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

पडद्यापलीकडं काहीतरी धाडकन पडलं. सब्झल बाहेर आला. ताप बीप काही नव्हता मेल्याला. "चटई?" तो म्हणाला. "सदगंजकाकीच्या दारात? कोण गेलं, आत्या?"

"ते तू सांगायचंस. तूच न सांगता पळालास."

"मी?" तो माझ्याकडं बघतच राहिला. मग त्याला उमगलं, आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "जियंद? अहो, पण जियंदला मी परवाच तर..."

आणि जीभ चावली.

परवाच तर! मी उठले. पायातली चप्पल कधी हातात आली ते कळलं नाही. पीरजाननं माझा हात धरला म्हणून, नाहीतर त्या दिवशी मलूकच्या पोराच्या अंगाचं सालटं निघालं असतं.

"बैस," मी म्हटलं. "हवाल दे."

"आत्या, मागू नका. मागितलात तर द्यावा लागेल."

"हवाल दे, सब्झल."

तो बसला. बसायलाच हवं. मोठा धिप्पाड गडी, पण सांगताना त्याचे डोळे घळाघळा वाहत होते. लोंढ्यात सापडलेली गाडी त्यांचीच होती, हीच निळी, नंतर दोर लावून ओढून काढलेली. सब्झल पोहून निघाला, जियंदचा पाय गाडीखाली चेंगरला. नागानच्या हाडवैदानं, लशकराननं, पाहिलं आणि हात टेकले. मग पलीकडच्या मुलखात इस्पितळात नेला, तिथं पाय कापला, गुडघ्याखालून. तिथून आणून पुन्हा नागानला लशकरानकडं ठेवला. तेव्हापासून जियंद तिथं आहे. आणि त्यानं सब्झलला कुराणावर हात ठेवायला लावला होता, आईला सांगायचं नाही.

"तो म्हणतो, आईच्या लेखी मी गेलेला बरा. झाडावर चढणारा मुलगा होता तिला. आता तिनं मला उचलून अंगणात बसवायचं का?" सब्झल नाक पुसत म्हणाला. "मी काय करू, आत्या? शपथ घातली. आणि कुणी हवाल मागितला असता तर खोटं कसं बोलू? म्हणून मी कुठं थांबतच नव्हतो. अंधारात जायचो, अंधारात यायचो. काल वाटेत टायर फुटलं, आणि दिवस उजाडला."

"आणि आता शपथ मोडलीस," मलूक कपाळावर हात मारत म्हणाली.

"आईला सांगायचं नाही अशी शपथ होती ना?" मी म्हटलं. "मी आत्या आहे. गप बसा दोघं."

नागान! मला हसावं की रडावं कळेना. नागान कुठं आहे सांगू? आमच्या गावामागं जी तोलगीची धार उभी आहे, त्या डोंगराच्या पाठीला. बस. मध्ये एक डोंगर. पण आमची नदी उगवतीला वाहते आणि नागानची मावळतीला, सरहद्दीकडं. गाडीनं जायचं तर सगळा डोंगर वळसा घालून जायचं. त्यांच्या मुली तिकडं दिल्या जातात, त्यांचा खजूर तिकडं जातो, त्यांच्या बातम्याही तिकडंच जातात. माणसं, माल, बातमी, सगळं आमच्या मुलखात नदीच्या उतारानं जातं. डोंगर ओलांडून कुणी येत नाही. मायलेक एका डोंगराच्या दोन अंगांना बसले होते, आणि ती इकडं येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवत होती.

परत येईपर्यंत मी पीरजानच्या पाठीत बुक्क्या मारत होते, लवकर चालव म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा चटईवर माणसं होती, आत बायका होत्या, आणि मध्ये वहिनी. तिचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. मला बघून तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं, "हवाल दे, नाझो."

मी जन्मात पहिल्यांदा हवाल उलटा दिला. दारातूनच ओरडले, "जिवंत आहे! जियंद जिवंत आहे!"

एकच गिल्ला झाला. बायका किंचाळल्या, कहुदाची काठी पडली. वहिनी मात्र हलली नाही. माझ्याकडं रोखून बघत होती.

"नीट दे," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मला कळलं. तिला फसायचं नव्हतं. एकदा न दिलेल्या हवालानं तिचा मुलगा मारला होता; आता दिलेला हवाल तिला पुरता हवा होता. मी तिच्यासमोर बसले, श्वास घेतला आणि शिंगरहून निघाल्यापासून सांगितलं. नदी, डोह, मेंढपाळ, मलूक, सब्झल, लोंढा. पायाचंही सांगितलं. शपथही सांगितली.

संपल्यावर तिनं विचारलं, "गुडघ्याच्या वर की खाली?"

"खाली."

"बरं," ती म्हणाली. मग उठून बाहेर गेली, चटईवर बसलेल्या माणसांना म्हणाली, "उठा रे. पाय आखडले असतील." आणि चटई गुंडाळायला लागली.

"सदगंज," कहुदा ओशाळून म्हणाला, "शेळी कापलीय. शिजतेय."

"मग खा! रडून दमलात ना सगळे?"

कुणीतरी म्हणालं, गाडी पाठवू, वळसा घालून घेऊन येतील त्याला. वहिनी म्हणाली, नको. निरोप पोचला तर तो पळून जाईल.

"एका पायानं कुठं पळणार?" पीरजान बोलून गेला. माझ्या नवऱ्याच्या जिभेला हाड नाही. मी त्याला डोळ्यांनी जाळत होते. तेवढ्यात वहिनीच हसायला लागली. पदरानं डोळे पुसत हसत होती, आणि मग आम्ही सगळेच.

"पळणार नाही, पण लपेल," ती म्हणाली. "त्याच्या बापावर गेलाय. मी धार चढून जाते. पोरगी असताना शेळ्या घेऊन गेलेय मी तिथं."

"तेव्हा तुझे गुडघे वेगळे होते," मी म्हटलं.

"दोन होते. आताही दोन आहेत. ज्याला दोन पाय आहेत त्यानं चालायचं की नाही?"

सकाळी आम्ही निघालो. ती, मी आणि पाण्याची मशक पाठीवर घेतलेला पीरजान, जो पहिल्या चढापासून आपण मरतोय असं सांगत होता. ओढ्याचं पात्र संपलं की निव्वळ दगड. रानटी पिस्त्याची एखाददुसरी झाडं, बाकी सावली नाही. जुनी शेळ्यांची वाट मध्येच नाहीशी व्हायची, मग वहिनी थांबून डोंगराकडं बघायची आणि पुन्हा शोधून काढायची. एका ठिकाणी मला उभं राहवेना, तिनं मला हाताला धरून ओढलं. माझ्यापेक्षा वयानं मोठी बाई!

धारेवर पोचलो तेव्हा वारा असा की बोललेलं ऐकू येईना. मागं आमचं खोरं, आमची पांढरी कोरडी नदी. पुढं नागानचं, तशीच नदी, तशीच खजुराची हिरवी रेघ, आणि त्यापलीकडं सरहद्दीचे डोंगर. वहिनी दगडाच्या आडोशाला बसली. दोन्ही हातांनी पावलं चोळत होती.

"नाझो, तो नाही आला तर?"

"नाही कसा येईल?"

"शपथ घालून बसलाय. माझ्यासारखाच हट्टी. मी रडले तर म्हणेल, बघा, म्हणूनच सांगत नव्हतो. रागावले तर तोंड फिरवेल." ती खाली बघत होती. "गेला असं वाटलं तेव्हा मी त्याला अल्लाच्या हवाली करून मोकळी झाले होते गं. आता तो जिवंत असून आला नाही, तर मी कशी जगू?"

मी तिच्या पावलांना तेल लावलं आणि आम्ही उतरायला लागलो.

लशकरान हाडवैदाचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात खजुराखाली जियंद बसला होता, ताडाच्या पानांच्या वहाणा विणत. दाढी वाढलेली, शेजारी कुबडी. आम्हाला बघून त्यानं कुबडीकडं हात नेला, पण तोवर आम्ही अंगणात होतो, आणि लशकरान "या, या" करत पुढं आला होता. जियंदनं शालीचा कोपरा मांडीवरून खाली ओढून घेतला आणि मान खाली घातली. वहिनीनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, ही बाई दगडाची आहे की काय! मी तर केव्हाच त्याच्या गळ्यात पडले असते. तिनं मनगट असं आवळून धरलं होतं माझं.

बसलो. पाणी आलं. लशकरानला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं. त्यानं आमच्यातल्या वडीलधारीला, म्हणजे वहिनीला, रीतीनं म्हटलं, "हवाल द्या, माई."

"हवाल खैर आहे," वहिनी म्हणाली. "शिंगरहून निघालो. धार चढून आलो. वाट मोडली आहे, पण जाता येतं. या बाजूला झऱ्याशी गवत आहे, तुमच्या शेळ्या पाठवा. आमच्याकडं पाऊस नाही. माझ्या झाडांना यंदा फळ नाही, मोहोर बांधला नव्हता. पुढचा हवाल, माझ्या घरी मौत झाली."

लशकराननं दुवेसाठी हात उचलले. तिनं त्याला थांबवलं.

"माझा मुलगा गेला असं कळलं. दारात चटई पसरली. मी त्याला रडले. दिवसभर रडले आणि रात्रभर रडले. गावातल्या बायकांना विचारा, ही माझी नणंद आहे, हिला विचारा. तो दुधाला कसा रडायचा ते आठवून रडले, झोपेत कसा हसायचा ते आठवून रडले. त्याचं तोंड आठवून रडले. पाय एकदाही आठवले नाहीत मला." तिचा आवाज तसाच होता, शेळ्यांबद्दल सांगत होती तसा. "एवढा हवाल."

लशकराननं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा जियंदकडं, आणि बिचारा खाली बघायला लागला.

आता वहिनी त्याच्याकडं वळली. "आता तुझा हवाल दे."

"हवाल खैर..." तो म्हणाला, आणि पुढं येईना. "आई, माझा पाय गेला."

"ते ऐकलंय. ऐकलेलं परत सांगत नाहीत. नवीन सांग."

"इथं असतो. वहाणा विणतो. लशकरानकाका पोटाला घालतात."

"तेही ऐकलंय. नवीन सांग."

त्यानं हातातल्या वहाणेचं एक पान उसवलं, मग दुसरं. मला वाटलं, संपलं, हा आता मान फिरवणार. माझं मनगट अजून वहिनीच्या मुठीत होतं. मग त्यानं वर पाहिलं. दाढीमिशा वाढलेल्या त्या बाप्याचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं.

"मला घरी यायचंय," तो म्हणाला.

वहिनीनं माझं मनगट सोडलं. ती गुडघ्यांवर सरकत त्याच्यापाशी गेली, त्याचं डोकं छातीशी धरलं, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीत धपाधप धपाटे घालत म्हणाली, "मग हे एवढं सांगायला काय झालं होतं, मेल्या? एवढंच तर विचारत होते मी सगळ्यांना!"